ड्रॉइंगप्रमाणे पार्ट की गाडीला बसणारा पार्ट? मशीन शॉपला पैसे कशाचे देताय ते आधी ठरवा

"पार्ट बसत नाही, पैसे परत द्या" आणि "ड्रॉइंगप्रमाणे बनवलाय, राहिलेले पैसे द्या". बाईकवाले आणि मशीन शॉपवाले (मशीनवर धातूचे पार्ट बनवून देणारे) यांच्यातलं हे भांडण इतक्यांदा बघितलंय की आता एकदा सविस्तर लिहितोच. यात बहुतेक वेळा कोणीच लबाड नसतो. शॉपने एक गोष्ट विकलेली असते, गिऱ्हाईकाने मनात दुसरीच घेतलेली असते, आणि दोघांनी काम ठरवताना फक्त "हा पार्ट करून पाहिजे" एवढंच बोललेलं असतं.

किरकोळ गोष्टी आधी बाजूला काढू. पार्ट सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) केला की हाताने चालवायच्या साध्या लेथवर, याने एका पीसला काही फरक पडत नाही, माप आलं म्हणजे झालं, चांगला टर्नर (लेथ चालवणारा) साध्या लेथवर बेअरिंगचा बोअर (बेअरिंग बसतं ते भोक) व्यवस्थित धरतो. रेट तासावर की नगावर हा नुसता हिशोबाचा भाग. आणि एकच पीस महाग का पडतो, तर प्रोग्राम करणं, जॉ (पार्ट धरणारे जबडे) बसवणं, टूल लावणं, झिरो घेणं (माप कुठून सुरू ते मशीनला दाखवणं) हे एका नगाला जेवढं लागतं तेवढंच पन्नास नगांना लागतं, म्हणून "एवढासा तर पार्ट आहे" हे वाक्य कृपा करून शॉपमध्ये बोलू नका.

ड्रॉइंगप्रमाणे काम म्हणजे काय हे ज्यांना कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं) येतं त्यांना माहीतच आहे. तुम्ही कागद देता, त्यावर मापं, टॉलरन्स (माप किती कमीजास्त चालेल ती मर्यादा), मटेरियल, फिनिश, नग. शॉप रेट देतं, पार्ट बनवतं, तुम्ही कागद समोर ठेवून पार्ट मोजता, सगळी मापं मर्यादेत असली की काम पूर्ण आणि पैसे पूर्ण. गाडी कुठली आहे हे शॉपला माहीत असायचीही गरज नाही. पार्ट गाडीला बसला नाही तर चूक कागदात, कागद तुमचा, म्हणजे नुकसान तुमचं.

इथे मला सगळ्यात जास्त राग येतो तो नुसती स्टेप फाइल (पार्टचं थ्रीडी मॉडेल) पाठवून "यात सगळं आहे" म्हणणाऱ्यांचा. मॉडेलमध्ये भोक २० मिमी काढलं म्हणजे ते नेमकं २० असतं, किती कमीजास्त चालेल ते त्यात सहसा नसतंच. मग शॉप जनरल टॉलरन्स लावतं, म्हणजे वेगळं काही लिहिलं नसेल तेव्हाची सरसकट मर्यादा. आयएसओ २७६८ या मानकाचा मीडियम वर्ग धरला तर २० मिमीला अधिक-उणे ०.२, म्हणजे १९.८ चं भोकसुद्धा पास, त्यात २० चा एक्सल (चाकाचा दांडा) जाणारच नाही आणि तरी शॉप शंभर टक्के बरोबर. त्याच भोकाला एच७ (भोकाच्या टॉलरन्सचा कोड) लिहिलं असतं तर ते २०.००० ते २०.०२१ च्या मध्ये आलं असतं. आणि दुसऱ्या टोकाचे लोक म्हणजे प्रत्येक मापाला अधिक-उणे ०.०१ लिहिणारे, फूटपेगच्या बाहेरच्या गोलाईला पण ०.०१, आणि मग कोटेशन बघून शॉप लुटतंय म्हणून ओरडणार. स्टेप फाइल द्याच पण सोबत एक पानाचं पीडीएफ द्या, जिथे दुसरा पार्ट येऊन बसतो फक्त त्या मापांना टॉलरन्स, बाकी सगळं जनरल. याच्यात मी वाद घालणार नाही.

आता दुसरी गोष्ट, गाडीला बसणारा पार्ट, लोक घसरतात ते इथेच. यात तुम्ही धातू कापून घेण्याचे पैसे देत नाही आहात, माप किती असायला पाहिजे हे दुसऱ्याने ठरवायचे पैसे देताय. कापणं तर त्या मानाने सोपं काम.

उदाहरण घ्या, एका गाडीचं पुढचं चाक दुसऱ्या गाडीच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमध्ये) बसवायचंय. लोक म्हणतात दोन स्पेसर (मधली जागा भरणाऱ्या नळ्या) पाहिजेत, सोपं आहे. पण बघा, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत दोन बेअरिंगच्या मध्ये जी नळी असते तिची लांबी हबच्या आतल्या दोन शोल्डरमधल्या (बेअरिंग टेकतं त्या पायऱ्यांमधल्या) अंतरावरून ठरते आणि ती त्याहून किंचित जास्तच लागते, कारण एक्सल नट आवळला की सगळा दाब दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रेसमधून (कड्यांमधून) या नळीतून जायला पाहिजे. नळी आखूड झाली की आवळताना आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात, बाहेरच्या रेस हबमध्ये तिथेच राहतात, बेअरिंग आडव्या लोडखाली येतं, चाक हाताला जड लागतं आणि बेअरिंग लवकर खलास होतं. मग बाहेरचे दोन स्पेसर, त्यांची लांबी ठरते ती फोर्कच्या मध्यरेषेवरून आणि ब्रेकची डिस्क कॅलिपरच्या (डिस्क दाबणाऱ्या भागाच्या) बरोबर मध्ये येते का त्यावरून, शिवाय दोन्ही बाजूंची मापं सारखी असतीलच असं नाही. यातलं एकही माप जुन्या स्पेसरवर मोजून मिळत नाही, ते चाक, फोर्क, एक्सल, कॅलिपर सगळं टेबलावर मांडूनच मिळतं.

म्हणजे हे काम घेणाऱ्या शॉपला गाडी नाहीतर हे सगळे पार्ट पाहिजेत, मोजायला माणूस आणि वेळ पाहिजे, एखादा ट्रायल पीस स्वस्त मटेरियलमध्ये करून बघायला पाहिजे, आणि पहिला पीस चुकला तर दुसरा स्वतःच्या खर्चाने करायची तयारी पाहिजे. जास्तीचा रेट या सगळ्याचा असतो. एका शॉपने ड्रॉइंगवरून रेट दिला आणि दुसऱ्याने गाडी आणा म्हणून त्याच स्पेसरचा कितीतरी जास्त सांगितला तर दुसरा महाग आहे असं लगेच ठरवू नका, दोघं वेगवेगळ्या वस्तूंचा भाव सांगतायत. पहिल्याने चूक झाल्यास ती तुमच्यावर ठेवलीये, दुसऱ्याने स्वतःवर घेतलीये.

आणि "बसला पाहिजे" हे पण लिहून ठरवावं लागतं. नुसतं बसला म्हणजे काय? या चाकाच्या कामात मी असं लिहीन: कंपनीने दिलेल्या टॉर्कला एक्सल नट आवळल्यावर चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, बाजूला हलवून खुळखुळ नको, डिस्क कॅलिपरच्या मधोमध. मागचं चाक असेल तर दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एका रेषेत. चार ओळी पुरतात, पण या चार ओळी नसल्या की नंतर तुम्ही म्हणणार बसत नाही आणि तो म्हणणार थोडं ठोकलं की बसतंय.

सगळ्यात घोळ होतो तो मधल्या प्रकारात. जुना पार्ट नेऊन द्यायचा आणि म्हणायचं "सेम टू सेम करा". गिऱ्हाईकाला वाटतं हा बसणाऱ्या पार्टचा सौदा झाला, शॉपला वाटतं नमुना हेच ड्रॉइंग. आता नमुना म्हणजे टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग, तेही बऱ्याचदा झिजलेलं, कारण चांगला असता तर तुम्ही बदलायला कशाला निघाला असतात. झिजलेल्या बुशवरून (भोकात बसणाऱ्या नळीवरून) सेम टू सेम केलं की झीज पण सेम येते. आटे असले तर दहाच्या बोल्टला पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ आहे की १.५ हे नुसतं बघून ठरवायचं नाही, पिच गेज लावायचा. त्यात कोणी घरी व्हर्नियरने (जबड्यांच्या मापपट्टीने) आतलं माप घेऊन येतो, आणि व्हर्नियरचे आतले जबडे सपाट धारेचे असल्यामुळे लहान भोकात माप खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतात. शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, फोटोवरून कोणीही पार्ट बनवू नये आणि कोणी मागूही नये.

म्हणून नमुना देताना स्पष्ट बोला, हुबेहूब कॉपी पाहिजे की ज्या जागी बसतो ती जागा मोजून पार्ट पाहिजे. दुसरं पाहिजे असेल तर तो बसणाऱ्या पार्टचा सौदा आहे आणि रेटही त्याचाच लागणार.

कोटिंग हा अजून एक खड्डा. हार्ड ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा कडक थर) साधारण २५ ते ५० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) असतं आणि त्यातलं अंदाजे अर्धं धातूच्या बाहेर वाढतं, म्हणजे ४० मायक्रॉन चढवलं तर बोअर व्यासात ४० मायक्रॉनने लहान होणार. ४७ मिमीच्या बेअरिंग बोअरला एच७ ची सगळी मर्यादाच २५ मायक्रॉनची. कागदावर माप कोटिंगच्या आधीचं की नंतरचं हे लिहिलं नसेल तर शॉप, कोटिंगवाला आणि तुम्ही तिघंही बरोबर आणि बेअरिंग मात्र जात नाही. बेअरिंगची सीट सरळ मास्क करायला (कोटिंग लागू नये म्हणून झाकायला) सांगा, मला तरी तेच पटतं.

पैसे देण्याची पद्धत पण दोन्हीकडे एक नको. ड्रॉइंगच्या कामात मटेरियलपुरता ॲडव्हान्स मागणं रास्त आहे, बाकीचे पैसे पार्ट मोजून घेताना द्या, गाडीला लावून बघेपर्यंत अडवून ठेवू नका, तो त्याचा प्रश्न नाही. बसवण्याच्या कामात टप्पे करा. मोजणी आणि ड्रॉइंगचे पैसे वेगळे, आणि ते पुढचं काम रद्द झालं तरी द्यायचे, कारण ते काम झालेलं असतं. मग ट्रायल पीस, मग फायनल, आणि शेवटचा हप्ता लिहिलेल्या चार ओळी पूर्ण झाल्यावर. सगळे पैसे आधी देऊन टाकणारे आणि मोजणी फुकट मागणारे, दोघंही काम बिघडवतात.

अजून एक, आणि हे गंभीर आहे. बसतो आणि टिकतो या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोन्ही सौद्यांत टिकण्याची खात्री आपोआप मिळत नाही. कॅलिपर ब्रॅकेट ६०६१ ॲल्युमिनियममध्ये करायचं की ७०७५ मध्ये, किती जाड, कोपऱ्याला किती रेडियस, हे ना कागद मोजून कळतं ना चाक फिरवून. हा हिशोब करणारा डिझायनर वेगळा असतो आणि त्याचे पैसे वेगळे. ब्रेक, एक्सल, ट्रिपल ट्री (फोर्क पकडणारे क्लॅम्प) यांचं काम शॉपने नाकारलं तर त्याच्यावर चिडू नका, लोडचा हिशोब केलेलं ड्रॉइंग घेऊन परत जा.

बसवण्याच्या कामात ते ड्रॉइंग कोणाचं राहणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. तुम्ही मोजणीचे पैसे दिलेत तर कोटिंगसकट फायनल मापांचं पीडीएफ मागून घ्या. पुढच्या वेळी तोच स्पेसर लागला तर ते काम ड्रॉइंगप्रमाणेच होईल आणि मोजणी-ट्रायलचे पैसे पुन्हा द्यावे लागणार नाहीत, मग शॉप तेच असो की दुसरं.