मोजणार कोण? खनिज महसुलावरील देखरेखीची पार्श्वभूमी

1901 मध्ये पर्शियाच्या (आजच्या इराणच्या) शाहने ब्रिटिश उद्योजक विल्यम नॉक्स डार्सी यांना तेलाचा परवाना दिला. मुदत 60 वर्षे, क्षेत्र उत्तरेचे पाच प्रांत सोडून सारा देश. मोबदला म्हणून 20 हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि दरसालच्या निव्वळ नफ्याचा 16 टक्के हिस्सा ठरला. आकडा त्या काळाच्या मानाने वाईट नव्हता. खोट होती ती ‘निव्वळ’ या शब्दात. उत्पन्नातून कोणते खर्च वजा करायचे हे कंपनी ठरवणार, वह्याही कंपनीच्याच ताब्यात. नफ्याच्या आकड्यावरून वर्षानुवर्षे वाद झाले. अखेर 1933 च्या नव्या करारात लाभांशातल्या वाट्याबरोबर टनामागे 4 शिलिंग अशी रॉयल्टी, म्हणजे खनिजाच्या मालकाला द्यायचा मोबदला, आली. टन निदान मोजता तरी येतो.

नैसर्गिक संपत्तीच्या कारभारावर आज जे धोरण-संशोधन चालते, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे: मोजणार कोण? गेल्या साठ वर्षांत त्याला वेगवेगळी उत्तरे दिली गेली. प्रत्येक उत्तराने एक दार बंद केले आणि पैसा दुसऱ्या दाराने निघून गेला.

पहिले उत्तर मालकीचे होते. 14 डिसेंबर 1962 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव क्रमांक 1803 मंजूर करून नैसर्गिक संपत्तीवर त्या-त्या देशाचे कायमचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढे तेल आणि तांब्याची राष्ट्रीयीकरणे झाली. पण सरकारी कंपनी म्हणजे आपोआप चोख हिशेब, असे कुठेच घडले नाही. अनेक देशांत तीच कंपनी परवाने द्यायची, उत्पादन करायची आणि सरकारला पैसेही तीच भरायची. 1993 मध्ये रिचर्ड ऑटी यांनी ‘संसाधनांचा शाप’ हा शब्दप्रयोग रुळवला, तोवर खनिजसंपन्न देश खनिजे नसलेल्यांपेक्षा संथ का वाढतात, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांपुढे उभा होता.

नॉर्वेने अशी कामे तीन ठिकाणी वाटली. 1972 मध्ये व्यापारासाठी स्टॅटऑइल ही कंपनी, तांत्रिक देखरेखीसाठी स्वतंत्र संचालनालय, आणि धोरण मंत्रालयाकडे. 1990 मध्ये तेलाचे उत्पन्न साठवणाऱ्या निधीचा कायदा झाला आणि 1996 मध्ये पहिली रक्कम जमा झाली. या निधीबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिली ती तिथली ‘नॉर्म प्राइस’, म्हणजे प्रमाण किंमत. तेल कंपनी आपल्याच उपकंपनीला स्वस्तात तेल विकते आणि कर चुकवते, ही जुनी युक्ती. नॉर्वेत सरकारी मंडळ तेलाची प्रमाण किंमत जाहीर करते आणि कर त्या किमतीवर बसतो. कंपनीच्या बिलावर काय लिहिले आहे, याने फरक पडत नाही. नॉर्वेकडून उचलायची खरी गोष्ट ही आहे, असे आमचे मत आहे. निधी उभारणे हे नंतरचे काम.

आफ्रिकेतल्या चाडचा प्रयोग नेमका उलट्या टोकापासून सुरू झाला. डोबा इथल्या तेलासाठी कॅमेरूनमार्गे पाइपलाइन टाकायची होती आणि जागतिक बँकेचा पाठिंबा हवा होता. त्यासाठी 1999 मध्ये कायदा करून पैशाची विभागणी आधीच ठरवली. 10 टक्के पुढच्या पिढ्यांसाठी. उरलेल्यातले 80 टक्के शिक्षण-आरोग्यासारख्या प्राधान्य क्षेत्रांना, 5 टक्के तेलपट्ट्याला, 15 टक्के सरकारच्या सर्वसाधारण खर्चाला. देखरेखीला नऊ जणांचे मंडळ. भोके मात्र पहिल्या दिवसापासून होती. कायदा फक्त रॉयल्टी आणि लाभांशाला लागू होता. आयकर त्याच्या बाहेर, सुरुवातीच्या तीन तेलक्षेत्रांखेरीज सापडणारे तेलही बाहेर. करारावर सही करताना मिळालेल्या रकमेचेही तसेच. त्यातले सुमारे 45 लाख डॉलर 2000 मध्ये शस्त्रांवर खर्च झाले. 2006 च्या सुरुवातीला कायदा बदलून भावी पिढ्यांचा निधी मोडला आणि सुरक्षा हेही प्राधान्य क्षेत्र ठरले. 2008 मध्ये चाडने जागतिक बँकेचे कर्ज मुदतीआधी फेडले आणि बँक बाहेर पडली. खर्चाच्या टोकाला कितीही कुंपण घातले तरी आवक कशी मोजली जाते हे कुंपणाबाहेरच राहते.

म्हणून पुढचे लक्ष आवकेवर गेले. 2002 मध्ये ‘पब्लिश व्हॉट यू पे’ (जे भरता ते जाहीर करा) ही मोहीम उभी राहिली आणि त्याच वर्षी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जोहान्सबर्गमध्ये तेल-खनिज उद्योगासाठीच्या ईआयटीआय या पारदर्शकता उपक्रमाची घोषणा केली. पद्धत सरळ होती. कंपनीने किती भरले ते कंपनी सांगणार, सरकारला किती मिळाले ते सरकार सांगणार, स्वतंत्र लेखापाल दोन्ही आकडे ताडून पाहणार आणि सरकार, कंपन्या व नागरी संस्था यांची समिती त्यावर बसणार. अमेरिकेने 2010 मध्ये डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्यात कलम 1504 घातले: तेल-खनिज कंपन्यांनी सरकारांना भरलेले पैसे जाहीर करावेत. त्याचे नियम आधी न्यायालयात, मग 2017 मध्ये काँग्रेसमध्ये रद्द झाले आणि 2020 च्या अखेरीस सौम्य होऊन परतले. युरोपीय संघाने 2013 मध्ये सरकारांना भरलेली 1 लाख युरोपासून पुढची प्रत्येक रक्कम कंपन्यांना प्रकल्पवार जाहीर करायला लावली.

दोन्ही आकडे जुळले की काम झाले, असे सुरुवातीला अनेकांना वाटले. पण आकडे जुळतात याचा अर्थ एवढाच की ठरलेली रक्कम पोचली. ठरलेली रक्कमच कमी असेल तर? झांबियात हेच झाले. तांब्याच्या खाणी 1997 ते 2000 दरम्यान खासगी हातांत गेल्या. कायद्यात रॉयल्टी 3 टक्के, पण कंपन्यांशी केलेल्या गोपनीय करारांत 0.6 टक्के, आणि दीर्घ मुदतीपर्यंत कर न वाढवण्याची हमी. तांब्याचा भाव चढला तरी तिजोरीत भर पडेना. 2008 मध्ये सरकारने तीन पायऱ्यांचा अतिरिक्त नफाकर आणला आणि भाव कोसळताच 2009 मध्ये काढून टाकला. पुढेही दर वरखाली होत राहिले. ईआयटीआयनेही यातून धडा घेतला. 1 जानेवारी 2021 पासून होणारे नवे करार जाहीर करणे सदस्य देशांना बंधनकारक झाले.

आता करारही उघड झाला असे धरू. उरते मोजमाप. तांब्याचे कॉन्सन्ट्रेट (खनिजातून वेगळी काढलेली, तांब्याचे प्रमाण वाढवलेली भुकटी) बंदरावर कसे मोजतात ते पाहा. समजा 100 टन ओला माल आहे. ओलावा 9 टक्के, म्हणजे कोरडा माल 91 टन. प्रयोगशाळेने तांबे 28 टक्के दाखवले तर धातू 25.48 टन. त्यातल्या सुमारे 96.5 टक्क्यांचेच पैसे मिळतात, म्हणजे 24.59 टनांचे. त्यातून वितळवणीचा खर्चही वजा होतो. प्रयोगशाळेने 28 ऐवजी 27 लिहिले तर पैसे मिळणारा धातू 0.88 टनाने घटतो. भाव टनाला 9,000 डॉलर धरला तर 100 टनांमागे सुमारे 7,900 डॉलर कागदावरून नाहीसे होतात, आणि जहाजात असा माल हजारो टन असतो. मालात सोने-चांदी असून ती तपासलीच नाही, तर त्यांच्यावर रॉयल्टी शून्य. ज्या देशाकडे स्वतःचा नमुना, स्वतःची प्रयोगशाळा आणि वादासाठी राखून ठेवलेला तिसरा सीलबंद नमुना नाही, त्याला समोरच्याचा आकडा मान्य करावा लागतो.

ऊर्जा संक्रमणाने, म्हणजे कोळसा-तेलाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्याने, हा भाग आणखी अवघड केला आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2021 च्या अहवालानुसार विजेच्या मोटारीला साध्या मोटारीच्या सहापट खनिजे लागतात. मात्र तांब्याला जसा सर्वमान्य बाजारभाव आहे तसा यातल्या बऱ्याच मालाला नाही. लोकशाही प्रजासत्ताक काँगोतला बहुतांश कोबाल्ट (बॅटरीत लागणारा धातू) हायड्रॉक्साइड या अर्धवट शुद्ध रूपात बाहेर जातो. त्यात कोबाल्ट साधारण 30 टक्के, आणि किंमत ठरते धातूच्या भावाच्या अमुक टक्के या हिशेबाने. तेजीत हा हिस्सा 90 टक्क्यांच्या आसपास गेला होता, मंदीत 60 च्याही खाली आला. काँगोने 2018 मध्ये कोबाल्टवरची रॉयल्टी 10 टक्क्यांवर नेली ती धाडसाचीच गोष्ट. पण हे 10 टक्के कशावर, हा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा आहे.

चिलीने 2018 मध्ये लिथियमसाठी वेगळा मार्ग धरला. आटाकामाच्या मिठागरातल्या लिथियमसाठी कंपनीशी केलेल्या करारात सरकारी संस्थेला मिळणारा हिस्सा भावानुसार पायरीपायरीने 6.8 टक्क्यांपासून 40 टक्क्यांपर्यंत चढतो. 2022 मध्ये भाव गगनाला भिडला तेव्हा नवा कायदा करावा लागला नाही, आणि पुढच्या दोन वर्षांत भाव कोसळला तेव्हा झांबियासारखी माघारही घ्यावी लागली नाही. इंडोनेशियाने 2020 पासून कच्च्या निकेलची निर्यात पूर्ण थांबवून शुद्धीकरण देशात आणले. कारखाने आले, पण त्यांच्यासाठी कोळशावर चालणारी वीजकेंद्रेही उभी राहिली. विजेच्या मोटारीसाठी काढलेल्या निकेलवर कोळशाचा हा भार चढतो, तो महसुलाच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या गटाने सप्टेंबर 2024 मध्ये ऊर्जा संक्रमणाच्या खनिजांसाठी सात तत्त्वे मांडली. ती करारात उतरवायची तर कलमे बारीक असावी लागतात: नमुना कोण घेणार, कोणत्या दिवसाचा भाव धरणार, धातूच्या भावातला किती हिस्सा किमान मानणार, आणि निर्यातीच्या मालातले कोणकोणते धातू तपासणार.