डोसा तांबूस, इडली पांढरी

उडप्याच्या हॉटेलात मी नेहमी तवा दिसेल असं टेबल धरतो. सकाळच्या गर्दीत डोसेवाल्याचा हात क्षणभरही थांबत नाही. तापलेल्या तव्यावर तो पाण्याचा हबका मारतो, चर्र आवाज होऊन वाफेचा लोट उठतो, माडाच्या हिरांच्या छोट्या खराट्याने तो तवा झाडतो आणि लगेच वाटीच्या बुडाने पीठ गोल गोल फिरवत कडेपर्यंत नेतो. पलीकडे पात्राचं झाकण उघडतं आणि इडल्या बाहेर येतात. दोन्ही पदार्थ तांदूळ आणि उडदाचेच. इडलीचं पीठ जरा रवाळ, डोशाचं बारीक, फरक तेवढाच. तरी एक कापसासारखी पांढरी आणि दुसरा खरपूस तांबूस. असं का होतं, याचं बरंचसं उत्तर पाण्यात आहे. पण आधी पिठाबद्दल सांगायला हवं, कारण खरं काम रात्रीच होऊन गेलेलं असतं.

या पिठात यीस्ट घालावं लागत नाही, विरजणही लागत नाही. भिजवून वाटलेले तांदूळ आणि उडीद उबेला ठेवले की सकाळी पीठ पातेल्याच्या काठाशी आलेलं असतं. ते कोण फुगवतं, याचा एक महत्त्वाचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू मुख्य कर्ता असल्याचं दिसलं. तो पिठातली साखर खातो आणि दोन गोष्टी देतो: पीठ फुगवणारा कार्बन डायऑक्साइड आणि आंबटपणा आणणारं लॅक्टिक आम्ल. आंबटपणा वाढला की नासवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना तिथे टिकाव धरता येत नाही, आणि पुढचं काम आम्ल सोसणारे इतर जिवाणू हातात घेतात. हे सगळे येतात कुठून? त्याच अभ्यासानुसार धान्यातूनच. पीठ हाताने कालवलं की चांगलं फुगतं, असं आपल्या घरोघरी सांगतात. कालवणाऱ्या हाताबद्दल मला आदर आहे, पण पीठ फुगवणारे जीव डाळ-तांदळाबरोबरच घरात आलेले असतात. त्यांना हवी असते ऊब, साधारण ३० अंश सेल्सिअस. म्हणून कोकणात रात्रभरात येणारं पीठ पुण्याच्या डिसेंबरात दुपारपर्यंत वाट बघायला लावतं.

वायू तयार झाला तरी तो पिठात राहायला हवा. गव्हाच्या पावात हे काम ग्लुटेन करतं. तांदळात ग्लुटेन नाही, उडदातही नाही. इथे उडदाचा चिकटपणा उपयोगी पडतो. भिजलेली उडदाची डाळ बोटांत चोळली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, त्यात एक विशिष्ट बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, असते. तिच्या जोडीला उडदातली प्रथिनं असतात, जी बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. दोन्ही मिळून पिठाचा टिकाऊ फेस होतो. नुसत्या तांदळाच्या पिठात हा वायू निसटून जाईल. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘इडरिका’ नावाचा पदार्थ आहे आणि तो फक्त उडदाचा आहे. तांदूळ या जोडीत नंतर आला. पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी भक्कम आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो.

आता इडलीपात्र. वाफेवर शिजणाऱ्या पदार्थाचं तापमान उघड्या भांड्यात १०० अंशांच्या पुढे जातच नाही. तांदळातला स्टार्च ७० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो, प्रथिनं गोठतात आणि रात्री तयार झालेला फेस जसाच्या तसा घट्ट बसतो. इडलीची जाळी म्हणजे गोठलेले बुडबुडेच. कुकरमध्ये इडल्या लावताना शिटी काढून ठेवतात तेही याचसाठी: दाबाखाली बुडबुड्यांना फुगायला वाव मिळत नाही. आणि इडली पांढरी राहते, कारण रंग चढायला १०० अंश पुरत नाहीत.

तो रंग तव्यावर चढतो. साखर आणि अमिनो आम्लं साधारण १४० अंशांच्या पुढे एकमेकांशी झपाट्याने संयोग पावतात आणि त्यातून तांबूस रंग आणि शेकडो सुगंधी रेणू तयार होतात. फ्रेंच वैज्ञानिक लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. पावाची कड, भाजलेली कॉफी, भाकरीचा पापुद्रा या सगळ्यांच्या वासात ती आहे. पण पिठात पाणी आहे तोवर तापमान १०० पाशी अडून राहतं. डोशाचा थर इतका पातळ असतो, की खालच्या बाजूचं पाणी मिनिटभरात उडून जातं आणि मग तापमान सुटून वर चढतं.

पाण्याच्या त्या हबक्यात मला डोसेवाल्याचं सगळं कसब दिसतं. तवा फार तापलेला असेल, तर पीठ पडताक्षणी खालचा स्टार्च घट्ट होतो, वाटीला चिकटून फाटतो आणि डोसा पसरतच नाही. पाणी वाफ होताना तव्याची बरीच उष्णता घेऊन जातं, तेवढ्या अवधीत पीठ फिरवून होतं. तवा किती तापलाय तेही पाणीच सांगतं. थेंब चुर्र होऊन लगेच उडाला तर ठीक. थेंब गोळ्यांसारखे तव्यावर पळू लागले, तर तवा साधारण २०० अंशांच्या वर गेला. थेंबाखाली वाफेची गादी तयार झाली आणि थेंब तिच्यावर तरंगू लागला. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली या तरंगत्या थेंबांविषयी लिहिलं. तव्यापुढे दिवस काढणारा माणूस हे रोज डोळ्यांनी मोजतो.

कुरकुरीतपणाही पाणी गेल्यामुळेच येतो. कोरडा झालेला स्टार्च काचेसारखा कडक होतो आणि दाताखाली मोडतो. पाणी परतलं की तो पुन्हा लवचिक होतो. आत गरम बटाट्याची भाजी भरून डब्यात बंद केलेला डोसा आपल्याच वाफेने दहा मिनिटांत लुळा पडतो. म्हणून मसाला डोसा पार्सल नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. नेणारच असाल, तर भाजी वेगळी मागा आणि डब्याचं झाकण किलकिलं ठेवा.

इडलीचं मात्र वेगळं. ती थंड झाली की फुगलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन रांगेत बसतात आणि ती घट्ट होते. पुन्हा वाफ दिली की रांग बरीचशी मोडते आणि इडली मऊ होते. पण घट्ट झालेल्या इडलीचाच एक उपयोग आपल्या घरांत केव्हापासून चालत आलाय. ताजी इडली कुस्करली तर तिचा लगदा होतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली मोकळी कुस्करते, आणि मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची घातलेल्या फोडणीत तिचा प्रत्येक तुकडा सुटा राहतो.