फ्लेचर आडनावामागचा बाणवाला

2011 मध्ये टीम इंडियाचा कोच झालेला डंकन फ्लेचर आठवतोय का, त्याचं आडनाव म्हणजे आपल्याकडच्या सुतार-लोहारसारखंच धंद्यावरून पडलेलं. फ्लेचर म्हणजे बाण बनवणारा, त्यातही काडीला पिसं लावणारा.

आता पिसांचा धंदा म्हटल्यावर हा शब्द फेदरवरून आला असेल असं वाटतं, पण नाही. जुन्या फ्रेंचमध्ये बाणाला फ्लेश आणि बाण करणाऱ्याला फ्लेशिए म्हणायचे, 1066 ला फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं आणि मग जे ढीगभर फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले त्यातलाच हा. म्हणजे शब्दात पीस कुठेच नाही, नुसता बाण आहे. आणि गंमत बघा, पिसं लावणे या अर्थाचं फ्लेच हे क्रियापद थेट 17 व्या शतकातलं, धंदेवाल्याचं नाव त्याच्या कितीतरी आधीचं!

लंडनमध्ये आधी धनुष्य आणि बाण एकाच हाताखाली बनायचे. 1371 मध्ये फ्लेचर लोकांनी मेयरकडे अर्ज केला की दोन्ही धंदे वेगळे करा, एकाच माणसाने दोन्ही करायचे नाहीत, आणि ते मान्यही झालं. त्यांची ती संघटना लंडनमध्ये अजून आहे बरं का, फक्त बाण करत नाही.

पिसं लागायची मुख्यतः गूसची (बदकासारखा मोठा पाळीव पक्षी), पंखातली. एका बाणाला तीन आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची, कारण डाव्या-उजव्या पंखाच्या पिसांचा बाक उलटा असतो, मिक्स केली की बाण नीट गिरकी घेत नाही. वरून डिंक आणि दोऱ्याचे वेढे. लढाईसाठी हे हजारोंनी लागायचं, म्हणून 1415 च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईनंतर इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीने 1416 मध्ये कायदाच केला की अ‍ॅस्पेनचं लाकूड बाणांसाठी ठेवा, लाकडी तळाच्या पायताणांसाठी वापरू नका, आणि 1417 मध्ये प्रत्येक गूसमागे सहा पिसं गोळा करायचा हुकूम, त्यातून विणीसाठी ठेवलेल्या माद्यांना तेवढी सूट. सरकारी वसुली अशी पंखापर्यंत पोचलेली.

1545 ला बुडालेलं मेरी रोझ हे इंग्लंडचं लढाऊ जहाज 1982 मध्ये वर काढलं, त्यावर हजारो बाण मिळाले. पिसं पाण्यात कुजून गेलेली, पण फ्लेचरच्या डिंकाचे हिरवट डाग आणि दोऱ्याचे वळ काड्यांवर तसेच होते.