चमच्याची चव

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आंबटामुळे तांबं आणि जस्त ताकात उतरतं आणि घोट घेतला की तोंड वाकडं होतं. दुकानात सोनेरी, काळे, मोरपंखी चमचे-काटे हाताळताना मला हे कळकणं आठवतं. कितीही देखणी असली तरी ही वस्तू शेवटी तोंडात जायची आहे.

चमच्याला स्वतःची चव असते का, हे लंडनमध्ये संशोधक झोई लाफलिन आणि सहकाऱ्यांनी तपासलं. चमचे एकाच आकाराचे. फक्त पृष्ठभाग वेगळे: सोनं, चांदी, जस्त, तांबं, कथील, क्रोम आणि स्टेनलेस स्टील. 2011 साली निष्कर्ष छापून आले. जस्त आणि तांबं सगळ्यांत कडवट लागलं, सोनं आणि क्रोम सगळ्यांत कमी. जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, लाळेत उतरतात, आणि जीभ ते लगेच ओळखते. सोनं कुणाशी फारसं बोलतच नाही.

क्रोम, म्हणजेच क्रोमियम, तसा आळशी नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून येतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 मध्ये 12.8 टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील, ओतलं, त्याचं मर्म हेच. आज चमच्यांच्या डब्यावर 18/10 लिहिलेलं असतं ते 18 टक्के क्रोमियम आणि 10 टक्के निकेल. 18/0 मध्ये निकेल जवळजवळ नसतंच.

फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून न्या. 18/0 ला ते चिकटतं, 18/10 ला नाही. पण एवढ्यावर विसंबू नका: आपल्याकडच्या बऱ्याच भांड्यांत निकेल वाचवून मँगनीज घातलेलं असतं, त्यालाही चुंबक चिकटत नाही. सुरीला मात्र चिकटणारच. धार टिकायला कडक पोलाद लागतं, म्हणून संचातली सुरीच आधी गंजाचे ठिपके दाखवते.

सोनेरी रंग बहुधा सोन्याचा नसतो. निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करून नायट्रोजनसोबत ती स्टीलवर बसवतात. तयार होणारं टायटॅनियम नायट्राइड सोन्यासारखं दिसतं आणि स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असतं. नुसता रंग फासलेला स्वस्त काळा चमचा तारेच्या घासणीपुढे महिनाभरही टिकत नाही. कडेला पांढरी रेघ दिसली की रंग उडू लागला समजावं.

माझा डोळा आहे तो पोर्तुगालच्या कुटीपोल कंपनीच्या संचावर. त्याचं नावच ‘गोवा’. काडीसारखी बारीक रेझिनची (प्लास्टिकसारख्या कृत्रिम राळेची) मूठ, पुढे झिलईदार स्टील. रेझिनमधून उष्णता हळू वाहते, त्यामुळे बोटं भाजत नाहीत. पण उकळत्या आमटीत विसरून ठेवायचा चमचा हा नव्हे. त्यासाठी घरचा डावच बरा.