कॅपिटल अक्षरे, तंत्रज्ञानविषयक इंग्रजी शब्दांतील

इंग्रजीतील प्रत्येक अक्षराला मोठे (कॅपिटल) आणि लहान (स्मॉल) अशी दोन रूपे आहेत. संगणक, दूरसंचार व वीज या क्षेत्रांतील शब्द आणि संक्षेप रोजच्या इंग्रजीत लिहिताना त्यांपैकी कोणते रूप कोठे योजावे, याचे काही संकेत रूढ आहेत. देवनागरीत हा भेद मुळातच नसल्यामुळे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मराठी शाळांतून ही अक्षरे ‘लिप्या’ म्हणून शिकवली गेली : छापील मोठी ती पहिली लिपी, छापील लहान ती दुसरी, आणि जोडून लिहावयाची ती तिसरी व चौथी. वळण आधी गिरवले गेले आणि नियम मागाहून आला. वाक्याचा आरंभ, विशेषनाम आणि ‘मी’ या अर्थाचा आय, एवढ्या तीन जागा सांभाळल्या की निबंध निभावत असे. नोकरीच्या अर्जात संगणकाच्या ज्ञानाचा रकाना भरताना मात्र तेवढ्याने भागत नाही.

कराड किंवा मिरजेच्या टंकलेखन वर्गात ही अडचण बोटांनाच कळते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबले की ‘क’चा ‘ख’ होतो, म्हणजे अक्षरच बदलते आणि चूक तत्काळ डोळ्यांत भरते. इंग्रजीत तीच कळ दाबली असता अक्षर तेच राहते, उच्चारही तोच राहतो, फक्त आकार बदलतो. त्यामुळे मोठे अक्षर म्हणजे शोभा किंवा आदर, असा समज मराठी लिहिणाऱ्याच्या मनात सहज घर करतो.

मूळ संकेत सोपा आहे. आद्याक्षरे घेऊन केलेला संक्षेप पूर्णपणे मोठ्या अक्षरांत लिहितात; पण ज्या शब्दांपासून तो झाला ते सामान्यनाम असेल, तर विस्तार लहान अक्षरांतच राहतो. एटीएमची तिन्ही अक्षरे मोठी असतात, परंतु ‘ऑटोमेटेड टेलर मशीन’ वाक्याच्या मध्ये आल्यास त्यातील एकही अक्षर मोठे होत नाही. ओटीपीचेही तसेच. संक्षेपाकडे पाहून विस्तारालाही मोठी अक्षरे चढवणे, ही या भागातील अर्जांत आणि प्रकल्प-अहवालांत सर्वाधिक आढळणारी चूक होय. अनेकवचनाचा एस लहान असतो आणि त्याच्या आधी लोपचिन्हाची (अपॉस्ट्रॉफीची) गरज नसते.

संक्षेप शब्दासारखा उच्चारला जाऊ लागला आणि लोकांच्या तोंडी रुळला की त्याची मोठी अक्षरे झिजतात. अमेरिकी नौदलाने 1940 मध्ये स्वीकारलेले रडार हे नाव आद्याक्षरांवरून बनवलेले होते. आज तो साधा शब्द आहे. लेसर आणि सोनार यांची गतही तीच झाली. मोडेम मात्र कधीच आद्याक्षरी नव्हता. ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डिमॉड्युलेटर’ यांचे तुकडे जोडून तो झाला, म्हणून तो पूर्णपणे मोठ्या अक्षरांत लिहिण्यास आधार नाही. उलट, कार्डाच्या गुप्त क्रमांकाचा पिन शब्दासारखा बोलला जात असूनही मोठ्या अक्षरांतच राहिला, आणि ते योग्यच झाले, कारण लहान अक्षरांत त्याची टाचणी होते. नासासारख्या नावांत अमेरिकी वृत्तपत्रे चारही अक्षरे मोठी ठेवतात, तर अनेक ब्रिटिश वृत्तपत्रे केवळ पहिले. दोन्ही पद्धती शुद्ध आहेत. एकाच लेखात त्या मिसळणे अशुद्ध.

इंटरनेट या शब्दाचा प्रवास विशेष बोधक आहे. 1974 साली व्हिंटन सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन यांनी लिहिलेल्या तांत्रिक मसुद्याच्या शीर्षकात तो आला. जोडलेल्या जाळ्यांचा कोणताही समूह म्हणजे लहान आयचे इंटरनेट, आणि जगभर पसरलेले ते एकच जाळे म्हणजे मोठ्या आयचे, असा भेद तंत्रज्ञ पुढे अनेक वर्षे पाळत. सामान्य वापरात पहिला अर्थ उरला नाही आणि भेदाचे प्रयोजनही संपले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनपुस्तिकेने 2010 मध्ये ‘वेबसाइट’ जोडून व लहान अक्षरांत लिहिण्यास आणि 2011 मध्ये ‘ईमेल’मधील संयोगचिन्ह काढण्यास मान्यता दिली, 1 जून 2016 पासून इंटरनेटचा आयही लहान झाला.

व्यापारी नावे धन्याच्या इच्छेप्रमाणे लिहिली जातात. आयफोनमध्ये पहिले अक्षर लहान आणि दुसरे मोठे असते. वाय-फायमध्ये डब्ल्यू आणि एफ मोठे, आणि मध्ये संयोगचिन्ह. हे नाव घडवलेले आहे, कशाचाही संक्षेप नाही. दुकानाच्या पाटीवर सगळीच अक्षरे मोठी रंगवलेली असतात, त्याला चूक म्हणता येत नाही, कारण पाटीचा धर्म दुरून दिसणे हा आहे. पण अर्जात जावा आणि पायथन ही संगणकभाषांची नावे एचटीएमएलच्या पंगतीला बसवून पूर्ण मोठी करणे ही चूकच होय. ती नावे आहेत, संक्षेप नव्हेत. फोरट्रान हे भाषेचे नाव पूर्वी तसे पूर्ण मोठे लिहीत असत, फोरट्रान 90 या प्रमाणकापासून केवळ एफ मोठा राहिला.

मापनाच्या एककांत हा संकेत शिष्टाचाराचा राहत नाही. तेथे अक्षराचा आकार हीच किंमत असते. सातारा जिल्ह्यातील कोयना जलविद्युत् प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉट आहे. मेगाची (दहा लाख पट) खूण मोठा एम आणि मिलीची (हजारावा भाग) लहान एम. घाईत एम लहान पडला, तर आकडा एक अब्ज पटीने घटून सुमारे दोन वॉट उरतो, म्हणजे देवघरातील छोटा एलईडी दिवा. वॉट हे एकक जेम्स वॉटच्या नावावरून आले असल्याने त्याची खूण मोठी, पण एककाचे पूर्ण नाव लहान अक्षरांत लिहितात. वीजबिलातील एक ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॉट-तास : त्याच्या खुणेत के लहान, डब्ल्यू मोठा, एच लहान. मोठा के केल्व्हिनसाठी राखलेला आहे, जरी संगणकवाले 1,024 बाइटसाठी तो सर्रास वापरतात.

बी या अक्षराचा घोळ घरोघरी पोहोचला आहे. लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. सेकंदाला 100 मेगाबिटची जोडणी घेतलेल्या ग्राहकाला फाइल उतरवताना पडद्यावर फार तर 12.5 हा आकडा दिसतो, आणि तो जोडणी देणाऱ्याशी भांडायला निघतो. वेग तोच असतो. फक्त जाहिरातीत बी लहान होता आणि पडद्यावर मोठा आहे.

यंत्राला हा भेद कळतो की नाही, हे जागेवर अवलंबून असते. संकेतस्थळाच्या मुख्य नावात मोठे-लहान एकच मानले जाते, पण त्यापुढील तिरप्या रेषेनंतरच्या भागात फरक पडू शकतो. पासवर्डमध्ये तो हमखास पडतो, आणि कॅप्स लॉक चालू राहिल्याने खाते बंद झाल्याची तक्रार बँकेच्या खिडकीवर नित्याची असते. पॅन आणि आयएफएससी (बँकशाखेचा संकेतांक) मोठ्या अक्षरांतच लिहितात. हाताने लिहिताना तेथे दुसरी फसगत होते, कारण मोठा ओ आणि शून्य सारखेच दिसतात. आयएफएससीच्या अकरा चिन्हांपैकी पाचवे नेहमी शून्य असते, ओ कधीही नसते.