द्राक्षाची आंबटाई रात्री ठरते

नाशिकच्या काळ्या पाषाणाची चव तिथल्या वाइनमध्ये उतरते, असं वाइनचे शौकीन छातीठोकपणे सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण हा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, काही जिभेला लागत नाही. मुळं पाण्यात विरघळलेले क्षार तेवढे शोषतात आणि त्यातले बहुतेक ग्लासात चव कळण्याइतकेही उरत नाहीत. मला विचाराल तर नाशिकच्या वाइनचं श्रेय रात्रीच्या गारठ्याला जातं.

वाइनची द्राक्षं 30 ते 50 अक्षांशांच्या पट्ट्यात पिकतात, असं पुस्तकं सांगतात. नाशिक 20 अंशांवर आहे. युरोपातला वेल हिवाळाभर झोपतो आणि त्याची द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात. इथला वेल झोपतच नाही, म्हणून बागाईतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कडक उन्हात नव्या काड्यांच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म घड तयार होतात. पाऊस ओसरताना गोडी छाटणी केली की तेच घड बाहेर पडतात आणि जानेवारी ते मार्चदरम्यान काढणीला येतात. म्हणजे पिकण्याचा बराचसा काळ थंडीत जातो. त्यात हे पठार सुमारे 600 मीटर उंच, त्यामुळे दुपारी 28-30 अंश तापलेली बाग पहाटे 10-12 अंशांपर्यंत उतरते.

खरी गंमत इथून पुढे आहे. कच्च्या मण्यात दोन मुख्य आम्लं असतात : टार्टारिक, जे चिंचेत असतं, आणि मॅलिक, जे कच्च्या सफरचंदात असतं. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो मऊ होऊन पिकू लागला, की साखर पेशींच्या कोठारात साठू लागते आणि मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल जाळायला लागतो. टार्टारिकला तो जवळपास हात लावत नाही. श्वसनाचा वेग तापमानावर ठरतो, दर 10 अंशांना साधारण दुप्पट. साखर तयार होते फक्त उन्हात, आम्ल मात्र रात्रंदिवस जळतं. म्हणून गार रात्रीत साखरेचा तोटा न होता आंबटपणा वाचतो. उकाड्याच्या रात्रीत गोडमिट्ट, बेचव रस हाती येतो.

आंबटपणाचा संबंध फक्त चवीशी नाही. वाइन टिकवायला सल्फर डायऑक्साइड वापरतात. जंतूंना मारतो तो त्याचा आयन न झालेला, म्हणजे विद्युतभार नसलेला रेणू. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. पीएच 3.2 असताना अशा रेणूंचं प्रमाण सुमारे 4 टक्के असतं, 3.8 ला जेमतेम 1 टक्का. आम्ल कमी भरलं तर वायनरीत वरून टार्टारिक घालतात. उष्ण प्रदेशांत ही नेहमीची रीत आहे, भेसळ नव्हे.

मातीचा एक क्षार मात्र रसात भरपूर पोचतो : पोटॅशियम. आपल्या काळ्या जमिनीत तो बहुधा मुबलक असतो. पण तो टार्टारिकशी संयोग पावून आंबटपणा मारतो आणि पीएच वर नेतो. चव देणं दूरच, थंडीनं राखलेलं जमीन थोडं परत घेते.