घरच्या घरी डोअर पॅड काढताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डोअर पॅडच्या क्लिपा, ब्यूटिलची (चिकट रबरी सीलची) पट्टी किंवा काचेची मशीन (काच वर-खाली करणारी यंत्रणा) घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक सोबत देतो. काउंटरवर गर्दी असली की सगळं सांगणं होत नाही, आणि सांगितलेलं घरी पोचेपर्यंत अर्धं निसटतं.

दरवाज्याचं आतलं पॅड काढणं घरी जमण्यासारखं आहे. घाई न करणारा माणूस एका सकाळी एक दरवाजा आरामात उघडून परत बसवू शकतो. पण पॅडच्या मागे पातळ प्लॅस्टिकची एक शीट असते. आमच्या चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा ठिकाणी ती शीट नीट परत चिकटली की नाही, यावर सगळं काम तरतं किंवा बुडतं. म्हणून या पत्रकात पॅडपेक्षा शीटबद्दल जास्त लिहिलं आहे. तो भाग कृपया गाळू नका.

आधी हे बघा

गाडी वॉरंटीत असेल तर ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. दरवाजा बंद अवस्थेत अडकला असेल, आतून-बाहेरून उघडत नसेल, तरी घरी हात घालू नका. पॅडचे खालचे आणि मागच्या कडेचे भाग दरवाजा बंद असताना हाताला लागत नाहीत आणि ओढाताणीत पॅड फुटतं.

ज्या गाड्यांना बाजूच्या एअरबॅग आहेत, त्यांच्याबाबत विशेष सांगायचं आहे. अशा काही गाड्यांत दरवाज्याच्या आत दाब मोजणारा सेन्सर असतो. बाजूने धडक बसली की दरवाज्याच्या पोकळीतली हवा एकदम दाबली जाते, तो दाब ओळखून एअरबॅग उघडते. त्या पोकळीचं झाकण म्हणजे आपण वर म्हटलेली शीट किंवा तिच्या जागी बसवलेला पत्रा. तिथे भोक राहिलं तर हा हिशेब बिघडू शकतो. आपल्या गाडीत असा सेन्सर आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारून खात्री करा. असेल तर काम त्यांच्याकडेच करून घ्या. आमचा एक ग्राहक कमी झाला तरी चालेल.

काय जवळ हवं

प्लॅस्टिकची ट्रिम पट्टी (पॅड उचकायची चपटी पट्टी), एक मध्यम आणि एक लहान स्टार स्क्रूड्रायव्हर, १० नंबरची गोटी (बोल्ट फिरवायचा सॉकेट), मास्किंग टेप, पक्कड, जाडसर हातमोजे आणि स्क्रू ठेवायला वाटी. हातमोजे दिखाव्याला नाहीत. दरवाज्याच्या आतल्या पत्र्याच्या कापलेल्या कडा सुरीसारख्या असतात आणि हात आत घालताना नाही, बाहेर काढताना कापतो.

थंडीत अगदी पहाटे हे काम करू नका. गार प्लॅस्टिक ताठर होतं आणि वाकण्याऐवजी तुटतं. भर दुपारच्या उन्हात तापलेलं पॅड उलट इतकं मऊ पडतं की ओढलं की बाक येतो. सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास काम सुरू करावं.

काच पूर्ण वर घ्या, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. काच मशीनमधून सुटून खाली पडली असेल तर ती हाताने वर सरकवून दरवाज्याच्या चौकटीवरून दोन्ही बाजूंनी टेप मारून टांगून ठेवा. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ मागे पडतं. एका दाबात पूर्ण वर जाणारी काच असेल तर ती सवय विसरते. नंतर काच वर नेऊन बटण काही सेकंद तसंच दाबून धरलं की बहुतेक गाड्यांत ती परत ताळ्यावर येते.

स्क्रू लपलेले असतात

पॅड ओढायच्या आधी सगळे स्क्रू निघालेत ना, हे दोनदा तपासा. नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत: दार उघडायच्या हँडलच्या मागे, छोट्या प्लॅस्टिकच्या टोपीखाली, दार ओढून घ्यायच्या मुठीच्या तळाशी, बहुधा रबराच्या चकतीखाली, बटणांच्या पॅनेलखाली, आणि कधी खालच्या कप्प्यात. आरशाजवळचा त्रिकोणी तुकडा आधी सुटा करा. त्यात ट्वीटर (छोटा स्पीकर) असेल तर त्याचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, काढा. ओढून पॅड एकाच ठिकाणी अडून बसत असेल, तर तिथे स्क्रू राहिलेला आहे असं समजा आणि जोर लावणं तिथेच थांबवा.

हाताने फिरवायच्या काचेच्या गाड्यांत वेगळी अडचण येते. १९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८०० आमच्याकडे आजही येतात. त्यात काच फिरवायच्या हँडलला स्क्रू दिसत नाही, कारण ते मागून तारेच्या स्प्रिंग क्लिपने धरलेलं असतं. हँडल आणि पॅड यांच्या फटीत जुन्या धोतराची किंवा सुती कापडाची पट्टी घाला आणि बुटाला पॉलिश करताना फडकं चालवतात तशी दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढा. क्लिप कापडात अडकून बाहेर येते. ती उडून हरवते, म्हणून एका हाताचा आडोसा धरा. बसवताना क्लिप आधी हँडलमध्ये घालायची आणि हँडल तळहाताने दांड्यावर दाबायचं. काच वर असताना हँडल कोणत्या दिशेला होतं, त्याचा फोटो काढून ठेवला तर नंतर ते गुडघ्याला लागत नाही.

क्लिपा

एका पॅडला साधारण सात ते दहा क्लिपा असतात, खाली आणि दोन्ही कडांना. क्लिप स्वस्त असते. पॅडच्या मागे ती ज्यात अडकते ते क्लिपचं घर मात्र पॅडसोबतच साच्यात ओतलेलं असतं. ते तुटलं की खरं नुकसान. बहुतेक पॅड पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि त्यावर झटपट चिकटणारे गोंद धरत नाहीत. वरवर चिकटल्यासारखं वाटतं आणि पहिल्या खड्ड्यात सुटतं.

घर वाचवायचं तर एकच नियम पाळा: क्लिप ज्या रेषेत आत गेली त्याच रेषेत, म्हणजे दरवाज्याला काटकोनात, बाहेर यायला हवी. मध्येच पकडून किंवा पिळून ओढू नका. खालच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. तिथे चुकून ओरखडा उठला तरी नजरेत भरत नाही. ट्रिम पट्टी आत सरकवा, हळूच उचका, फटीत डोकावून क्लिप कुठे आहे ते पाहा आणि पट्टी तिच्या अगदी जवळ नेऊन दाब द्या. ‘टक्’ असा आवाज आला की पुढच्या क्लिपकडे जा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरावाच लागला तर त्याच्या टोकाला टेपचे तीन-चार वेढे द्या, तरीही रंगाला जपा.

सगळ्या क्लिपा सुटल्या की पॅड तुमच्याकडे ओढू नका. बहुतेक पॅड काच जिथून वर येते त्या दरवाज्याच्या कडेवर वरून अडकवलेलं असतं. ते सरळ वर उचला, थोडंसंच बाजूला घ्या आणि कुणाला तरी धरायला सांगा. मागे वायरी आणि हँडलची केबल जोडलेली असते. कपलर बाजूचा कान दाबून सोडवायचे, वायर धरून ओढायचे नाहीत. केबलचं टोक प्लॅस्टिकच्या खाचेतून सोडवून थोडं वळवलं की आकड्यातून निघतं.

शीट: इथे वेळ द्या

दरवाज्याच्या बाहेरच्या पत्र्यात पाणी शिरू नये अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते शिरतंच, आणि शिरेल असं धरूनच दरवाजा बनवलेला असतो. काचेवरून ओघळणारं पाणी कडेच्या रबरातून थोडं आत जातं, पत्र्याच्या आतून खाली उतरतं आणि दरवाज्याच्या तळाला ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. शीटचं काम एवढंच की हे पाणी पॅडच्या बाजूला येऊ नये, दरवाज्याच्या पोकळीतच खाली उतरावं. शीट फाटली किंवा तिचा एक कोपरा सुटला, तर पाणी पॅडच्या मागून झिरपत गाडीच्या जमिनीवर येतं. गालिच्याखालचं फोम ते पिऊन बसतं. मग वास येतो, काचा आतून धुरकटतात आणि वर्ष-दोन वर्षांत जमिनीचा पत्रा गंजतो. दर पावसाळ्यात ‘गाडीत पाणी येतंय, पण कुठून ते कळत नाही’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत आधी कधीतरी स्पीकर किंवा लॉक बदलताना शीट फाडून तशीच सोडलेली सापडते.

शीट काळ्या, चिकट ब्यूटिलने लावलेली असते. ती ओढून काढू नका. एका वरच्या कोपऱ्यातून सुरू करा, ब्यूटिल ताणलं गेलं की प्लॅस्टिकच्या पट्टीने ते शीटकडे ढकलत जा. थंडीत केस सुकवायच्या ड्रायरने किंचित ऊब दिली तर ते सहज सुटतं. पूर्ण काढायची गरज नसेल तर लागेल तेवढीच उघडा आणि सुटलेला भाग टेपने वर अडकवा. ब्यूटिलवर धूळ बसली की ते पुन्हा धरत नाही. कोकणातली लाल माती तर एका वाऱ्याने बसते. हाताचं तेल आणि घामही लावू नका.

परत लावताना पत्रा सुक्या कापडाने स्वच्छ करा आणि जुनं ब्यूटिल जिवंत असेल तर दाबून बसवा. वाळलं असेल तर पट्टी नवी घ्या. साधा सेलोटेप वापरू नका, तो पहिल्याच पावसात सुटतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनही नको: सुकताना त्यातून आम्ल सुटतं, ते पत्र्याला गंज आणतं आणि पुढच्या वेळी शीट काढताना फाटतेच. शीटला चीर असेल तर चांगल्या जाड पॉलिथीनची नवी शीट जुनीवर ठेवून कापा. केबल आणि वायरीची भोकं मोठी करू नका.

शीटची खालची कड सगळ्यात महत्त्वाची. काही गाड्यांत ती पत्र्याच्या लांबट खाचेतून आत खोचलेली असते, म्हणजे शीटवरून ओघळलेला थेंब दरवाज्याच्या पोटात पडतो. ती बाहेर राहिली तर बाकीचं कितीही चिकटवा, पाणी आत येणारच.

दरवाजा उघडाच आहे, तर तळाची भोकंही मोकळी करा. बदामाची आणि आंब्याची सुकी पानं, चिखल आणि रबराचे तुकडे तिथे साचतात. वायर बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचं टोक आत-बाहेर केलं तरी पुरतं.

पुराचं पाणी शिरलेली गाडी

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरलं, तेव्हा गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यानंतर दरवाज्यांच्या आत गाळ किती बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. अशी गाडी असेल तर बॅटरी लावू नका आणि काच बटणाने हलवून बघू नका. चारही पॅड काढा, पॅडच्या मागे चिकटवलेलं आवाज शोषणारं कापड वेगळं वाळवा, गाळ गोड्या पाण्याने खालच्या भोकांतून बाहेर पडेपर्यंत धुवा. मोटर आणि लॉकवर पाण्याचा फवारा मारू नका; ते सोडवून वेगळे वाळवावे लागतात. गाळ वाळल्यावर दगडासारखा होतो, म्हणून जितकं लवकर धुवाल तितकं बरं.

परत बसवताना

जुन्या क्लिपांपैकी काही पत्र्यातच अडकून राहिलेल्या असतात. त्या पक्कडीने काढून पॅडच्या घरात नीट बसवा. ज्यांचे पंख वाकले किंवा तुटले असतील त्या बदला. एकही क्लिप कमी ठेवून चालणार नाही, कारण एकीचा भार शेजारच्या दोघींवर जातो आणि पॅड वाजायला लागतं.

पॅड टेकवायच्या आधी केबल आणि कपलर जोडा, हात दरवाज्याबाहेर ठेवा, मगच बॅटरी लावून काच वर-खाली करा. मशीनच्या पात्यांत बोट आलं तर ते सुटत नाही. मुलांना त्या वेळी गाडीजवळ येऊ देऊ नका. लॉक, आरसा, स्पीकर बघा.

आणि ही एक तपासणी दरवाजा उघडा ठेवूनच करा. दरवाज्याच्या कडेवरचं लॉकचं जबडं स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करा, जणू दरवाजा लागला आहे. आता आतलं हँडल ओढा. जबडं उघडलं तर ठीक. उघडलं नाही आणि तुम्ही दरवाजा लावून बसलात, तर बंद दरवाज्याचं पॅड काढायची वेळ येते. मागच्या दरवाज्याचा चाइल्ड लॉक लागलेला असेल तर आतलं हँडल चालणारच नाही, तेही लक्षात ठेवा. बाहेरचं हँडलही याच पद्धतीने तपासा.

मग पॅड वर काचेच्या कडेवर टेकवा, पूर्ण खाली बसलंय ना ते पाहा, प्रत्येक क्लिप आपल्या भोकासमोर आहे याची खात्री करा आणि तळहाताने एकेक ठोका द्या. भोक चुकलं असेल तर क्लिप वाकते, आवाज वेगळा येतो. स्क्रू हाताने, बेतानेच आवळा. ते प्लॅस्टिकमध्ये जातात.

शेवटी बादलीभर पाणी काचेवरून सावकाश सोडा. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. आत पॅडच्या खालच्या कडेला सुका कागद लावून ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा. कागद ओला झाला असेल तर पॅड पुन्हा काढा आणि शीटची खालची कड तपासा.

दुकानात येताना

क्लिपा सारख्या दिसतात पण भोकाच्या मापात आणि लांबीत वेगळ्या असतात. म्हणून तुटलेली का होईना, एक क्लिप सोबत आणा, आणि गाडीचं मॉडेल व वर्ष सांगा. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत क्लिप बदललेली असते. शीट हवी असेल तर पॅड काढल्यावर दरवाज्याचा समोरून एक फोटो काढा, म्हणजे कुठे कापायचं ते तुम्हाला काउंटरवरच दाखवता येईल.